शांतम्माचा नेम

सात रस्ता चौकापाशी शांतम्माची खानावळ होती. तिच्या शेंगाचटणीसाठी मी धर्मसुद्धा बदलला असता.

शांतम्मा विधवा, सोवळ्याची पक्की. आम्ही आत पाटावर जेवायचो आणि आमची ताटं तीच घासायची. ठरावीक जातींची माणसं मात्र ओसरीवर जेवायची आणि आपलं ताट आपणच घासायची. त्यांचं उष्टं देवाच्या घरात आणायचं नाही, असा म्हणे तिच्या मठातल्या गुरूचा नेम होता.

सत्याहत्तर साली मायाप्पा नावाचा एसटी कंडक्टर आला. ओसरी ओलांडून तो सरळ आमच्या पंगतीत बसला. शांतम्माच्या हातातली भाकरी हातातच राहिली. तिचा दीर चन्नप्पा त्याच मठाचा पंच. फुकट जेवायचा आणि वर अक्कल वाटायचा. तो म्हणाला, घटनेनं आम्हाला धर्म पाळायचं स्वातंत्र्य दिलंय. मायाप्पा म्हणाला, त्याच घटनेनं शिवाशिव बंद केलीय, आणि कायदा आता कडक झालाय. आपण तक्रार केली तर खानावळीचा परवाना जाईल, असंही त्यानं सुनावलं.

शांतम्मा रडकुंडीला आली. परवाना गेला तर पोट गेलं, नेम मोडला तर देव गेला. मला तिचा रागही आला आणि कीवही आली. शेवटी तिनं मायाप्पालाच विचारलं, गुरूचा नेम मी कसा मोडू?

"मोडू नका की, अक्का," तो म्हणाला. "पर उष्टं ते उष्टं. माजं तेवडं इटाळाचं, आन ह्यांचं काय परसाद हाय?"

तिनं त्याला आतच वाढलं, पण मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवून आम्ही सवयीनं ताटं तिथंच टाकून उठलो, तर बाई दारात उभी. कुणाचंच उष्टं आता तिच्या घरात राहणार नव्हतं. ज्यानं त्यानं आपलं ताट घासायचं. मी कुरकुरलो, पण चटणी आठवून ताट उचललं. चन्नप्पा हसत निघाला होता, घरचाच माणूस ना.

"भावजी, तुमचं बी," शांतम्मा म्हणाली. "उष्टं ते उष्टं."

नळावर चन्नप्पाच्या पुढं मायाप्पा होता. त्यानं ताट लख्ख घासलं आणि राखेचा काथ्या मागं धरला. चन्नप्पानं दुसरा काथ्या कुठं दिसतो का पाहिलं. नव्हता. मग मुकाट घेतला.