खांबापासून खड्ड्यापर्यंत

पोत्यात तीन शंकू, एक शिट्टी, दात पडलेलं दाताळं आणि टेप एवढंच उरलं होतं. सरांनी टेप काढली आणि घरासमोरचा रस्ता ओलांडला.

"गाडी कुठाय?" रखवालदाराने विचारलं.

"गाडी नाही. जागा मोजायचीय."

"आता? फरशी बसल्यावर?" तो हसला, पण टेपचं टोक त्याने हातात धरलं.

सरांच्या मैदानाचा वाहनतळ झाला होता. सराव शहराबाहेरच्या नव्या मैदानावर गेला. दोन बस, त्याही उभ्याने. चार खेपांत सरांच्या गुडघ्याने हात टेकले आणि शिकवणं फोनवर आलं. सरांकडे लांब उडी शिकणाऱ्या पोरीबरोबर जाणारी तिची आत्या हौसेने चित्रण पाठवायची, पण त्यात नेमका पोरीचा चेहरा. पाय कुठे पडतोय ते कधी दिसलंच नाही. पोर म्हणायची, जमतंय, सर.

आज निवड चाचणी होती. लांब उडी पाच मीटर वीस गेली तर क्रीडा वसतिगृहात जागा, नाहीतर मामाच्या दुकानात काउंटरमागे. तीनपैकी पहिल्या दोन्ही उड्यांना पाय उडी घ्यायच्या पाटीच्या पुढे पडला, लाल झेंडा, उडी बाद. मग आत्याने फोनवर कबूल केलं, महिनाभर हे असंच चाललंय. सरांना कळलं तर गुडघा ओढत येतील, म्हणून पोरीने आत्याचं तोंड बंद केलं होतं.

धाव कुठून घ्यायची ते इथे कधी मोजलंच नव्हतं. दिव्याच्या खांबासमोर उभं राहायचं, की झालं. खांब अजून होता. वाळूचा खड्डा मात्र फरशीखाली गेला होता. सर ओणवे होऊन चाचपत गेले. एका जागी फरशी बोटभर खचली होती. खाली वाळू असणार. त्यांनी टेप ताणली, पाटी खड्ड्याच्या मीटरभर अलीकडे असायची ते वजा केलं आणि आत्याला फोन लावला.

"पाटीपासून मागे एकोणतीस मीटर चाळीस. तिथे खूण ठेवा."

"माझी पिशवीच ठेवते."

"पोर कशी आहे?"

"पहाटेपासून उभीच हो. पायांत गोळे आलेत. देऊ तिला फोन?"

सरांनी गुडघा चोळला.

"नको. धावू दे."

रखवालदार टेपचं टोक धरून तसाच उभा होता.

"बरोब्बर पाटीवर, सर," आत्या म्हणाली. "पांढरा झेंडा."

"किती?"

"चार मीटर अठ्ठ्याऐंशी."