लाइनीतली जागा

माझ्या लेकाच्या, ज्योतीरामच्या कमरेतली चकती सरकली आणि डॉक्टरांनी त्याला रिक्षा कायमची बंद करायला सांगितली, तेव्हा घरच्यांपेक्षा स्टँडवरचे लोकच जास्त विचारात पडले. रिक्षा आता शिफ्टवर कोणाला मिळणार, याचा विचार. आमच्या अंगणात दोघेतिघे येऊन चहा पिऊन गेले. भिवा तर साखर घेऊनच आला.

"मावशी, मी पहिली पण चालवलीय तुमची गाडी. मला तिची खोड ठाऊक हाय," तो म्हणाला.

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून सूनबाईचा आवाज आला. "गाडी मीच चालवणार आहे, भिवाभाऊ. चहात साखर पुरे का?"

भिवा हसला. त्याला ती थट्टा वाटली. मलाही क्षणभर तसंच वाटलं. रुपालीनं पदराला हात पुसत बाहेर येऊन रिक्षाचालकाचा बॅज दाखवला, तेव्हा कळलं की लेकरांच्या शाळेच्या वेळात ही भोसरीला जाऊन शिकत होती. लायसन्स झालं होतं, पोलिसांची चौकशी झाली होती, बॅजही मिळाला होता. ज्योतीरामला माहीत होतं. मला सांगितलं नव्हतं, कारण मी साऱ्या गल्लीला सांगितलं असतं. ते खरंच आहे.

आमच्या घरात रिक्षा आली तेव्हा ज्योतीराम पाळण्यात होता. बार्शीहून आलो, यांना पिंपरीत कंपनीत काम लागलं, मग संप लांबला आणि यांनी नोकरीचा नाद सोडून परवान्यासाठी अर्ज केला. त्या वेळी काळेवाडी फाट्यावर मोजक्या रिक्षा आणि एक टांगा. आमची रिक्षा पुढं इंजिन असलेली. उन्हाळ्यात चालवणाऱ्याचे पाय भाजायचे. मीटरचा लोखंडी झेंडा खाली पाडला की टण् आवाज व्हायचा आणि आतला माणूस सावरून बसायचा. पुढे सरकारनं परवाने बंद केले, ते कितीतरी वर्षं बंदच राहिले. मुलगी दाखवायच्या आधी लोक विचारायचे, मुलाकडे परवाना आहे का? हे गेले तेव्हा वारस म्हणून परवाना माझ्या नावावर झाला, आणि मी रिक्षाच्या पुढच्या सीटवर एकदाही न बसता रिक्षावाली झाले. नंतर सरकारनं परवाने पुन्हा खुले केले. ज्याच्या त्याच्या दारात रिक्षा. परवान्याची ऐट संपली.

ऐट आली ती स्टँडवरच्या जागेला. रस्त्याला रिक्षा मावत नाहीत, पण फाट्यावरच्या लाइनीत नवी गाडी कोणी घेत नाही. लाइनीत असलं की नंबरानं गिऱ्हाईक मिळतं. लाइनीबाहेर असलं की दिवसभर गॅस जाळत फिरायचं, नाहीतर मोबाइलवाल्या कंपनीच्या दयेवर राहायचं. दोन लेकरांची शाळा आणि ज्योतीरामची औषधं फिरत्या रिक्षावर निघाली नसती. आमच्या गाडीची जागा त्या लाइनीत पहिल्यापासून होती. ती रुपालीला मिळते की नाही, एवढाच प्रश्न होता.

स्टँडचे अध्यक्ष मालोजीराव. इथल्याच मूळ गावचे, आमच्या यांच्या बरोबरीचे. अजून स्वतः गाडी चालवतात. मी रुपालीला घेऊन त्यांच्याकडे गेले.

"वैनी, माझं काय न्हाई," ते म्हणाले, "पर बाईमाणसाला काळ्यापिवळ्या गाडीत बसता येत न्हाई. सरकारचा नियम हाय. बाईची गाडी अबोली पायजे."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? पिंपरीत जाऊन बघा. बाया चालवत्यात त्या समद्या अबोली हायत का न्हाई?"

आम्ही जाऊन पाहिलं. होत्या. बाजाराजवळ दोन दिसल्या, दोन्ही अबोली. मग शंका कसली? मालोजीरावांनी लबाडी केली असं मी अजूनही म्हणणार नाही. स्टँडवर सगळे तेच बोलत होते. ज्यांनी वर्षानुवर्षं आरटीओच्या खेपा घातल्या, तेसुद्धा. डोळ्यांनी दिसतं म्हणजे तोच नियम, असं धरून चालणारी आम्ही माणसं.

गणराज पेंटरकडे गाडी नेली. तो ट्रकांवर फुलं काढतो. त्यानं डोकं खाजवलं. "मावशी, अबोली म्हणजे नेमका कुठला रंग? गुलाबी का नारिंगी?"

मी देवळापाशी जाऊन अबोलीची वेणी आणली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं ती डब्याशेजारी ठेवून रंग कालवला. तोवर वेणी सुकली आणि सुकलेल्या फुलासारखाच रंग झाला. हूडसुद्धा तसलंच बसवलं. गाडी घरी आली तेव्हा ज्योतीराम भिंतीला टेकून हसायला लागला, मग कंबर धरून खाली बसला. "आई, ही रिक्षा आहे का लग्नातली मिठाई?"

"हसू नका," रुपाली म्हणाली. "मला आवडली." पण तिचाही चेहरा पडलेलाच होता.

त्याच संध्याकाळी ती गाडी घेऊन फाट्यावर गेली. लाइनीत लावायला नाही, नुसती दाखवायला, कारण आरटीओकडून गाडीचं पासिंग अजून व्हायचं होतं. परत आली तेव्हा किल्ली ताटलीत आपटली.

"काय झालं?"

"म्हणतात, ही गाडी आता बायांची झाली. बायांची गाडी आपल्या लाइनीत कशी? पिंपरीला मेट्रोच्या जिन्याखाली उभी करा, तिथं बायाच उतरतात."

"कोण म्हणालं?"

"सगळेच. मालोजीकाका पुढं होते."

मी चप्पल घातली. ज्योतीराम म्हणाला, "आई, आता जाऊ नकोस." मी गेले.

मालोजीराव गाडीत पाय वर घेऊन बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "रंग लावायला तुम्हीच सांगितलंत. आता रंग लावला म्हणून तुम्हीच हाकलता?"

"हाकलत न्हाई वैनी. पर लाइनीत समदे गडी. शिव्या चालत्यात, पानतंबाखू चालती. पोरीला कसं जमंल?"

"शिव्या कोण देतं?"

त्यांनी पाय खाली सोडले.

"देणाऱ्यांनी बंद कराव्यात. त्यासाठी माझ्या गाडीनं जागा का सोडायची? हे गेल्यावर भिवा चालवत होता, तेव्हा जागा बदलली? ज्योतीराम आला तेव्हा बदलली? लाइनीतला नंबर गाडीचा, चालवणाऱ्याचा नाही, हे तुम्हीच गणपतीच्या मांडवात बसून ठरवलंत. चहा मी केला होता."

"ते खरं हाय," मालोजीराव म्हणाले. "पर गाडीच दुसरी झाली ना आता. काळीपिवळी ऱ्हायली कुठं?"

मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं. मी माघारी वळले. घरी येताना मी एवढंच ठरवलं, की आधी पासिंग करून घ्यायचं. कागद हातात आला की पुढचं बघू.

पासिंगला मीही गेले. परवाना माझा, आणि घरी बसून राहणं मला जमत नव्हतं. मैदानात रिक्षांची ही रांग. सगळ्या काळ्यापिवळ्या, धुऊनपुसून आणलेल्या, आणि मध्ये आमची. पोरं मोबाइलवर फोटो काढत होती. रुपाली ताठ बसली होती.

इन्स्पेक्टर तरुण होता, उन्हानं वैतागलेला. त्यानं कागद पाहिले, गाडी पाहिली, पुन्हा कागद पाहिले.

"ही गाडी कोणाची?"

"माझी," मी म्हणाले.

"रंग कोणी बदलला?"

"गणराज पेंटरनं."

तो हसू दाबत म्हणाला, "तसं नाही आजी. कोणाच्या परवानगीनं बदलला?"

"बाई चालवणार म्हटल्यावर अबोली लागते ना? स्टँडवर सांगितलं."

"परवाने स्टँड देतं का?" त्यानं कागदावर बोट ठेवलं. "अबोली रंग महिलांसाठी राखीव परवान्यांना. तुमचा परवाना जुना आहे, साधा. नोंद काळीपिवळी अशीच आहे. ही गाडी मला पास करता येणार नाही. पहिला रंग देऊन परत आणा."

पुन्हा गणराज, पुन्हा हूड, पुन्हा खेप. पण रुपाली गाडीतून खाली उतरली. तिनं एकदम वेगळंच विचारलं.

"साहेब, मग काळीपिवळी गाडी बाईनं चालवली तर चालते?"

"लायसन्स आहे?"

"आहे."

"बॅज?"

तिनं बॅज पुढं केला.

"मग कोण अडवतंय? रंग परवान्याचा असतो, चालवणाऱ्याचा नाही. पुढची गाडी घ्या."

रुपाली तिथंच उभी. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला तरी हलेना. मग माझ्याकडे वळली. गाडी नापास झालेल्या बाईच्या तोंडावर असं हसू मी कधी पाहिलं नव्हतं.

"आई, कळलं का? गाडी पुन्हा काळीपिवळी करायची. सरकारनंच सांगितलं."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी इन्स्पेक्टरच्या मागे गेले. "साहेब, एवढं आमच्या स्टँडवर येऊन सांगाल का?"

"आजी, माझ्यापुढं एवढ्या गाड्या आहेत."

"बरं. मीच सांगते."

गणराजनं या वेळी फुलं मागितली नाहीत. काळा रंग त्याच्या हातातला होता. गाडी पास झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी रुपालीनं तिला हळदकुंकू वाहिलं आणि ती फाट्यावर लाइनीच्या शेपटाला जाऊन उभी राहिली. मी भाजीच्या पिशवीसकट आधीच तिथं पोहोचले होते. मालोजीरावांना मी इन्स्पेक्टर काय म्हणाला ते शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी रुपालीची गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली. नंबर तोच, रंग तोच, जागा तीच.

"बरं," ते म्हणाले, आणि आपली गाडी तिच्या मागे लावली.

आमच्या लाइनीत पुढं सरकताना कोणी इंजिन चालू करत नाही. एक पाय जमिनीवर टेकून गाडी ढकलायची, गॅस वाचतो. रुपालीला ते कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्यांदा तिची गाडी तिरकी गेली. भिवा म्हणाला, "हँडल सरळ धर गं, ताई." दुसऱ्यांदा सरळ गेली. शिव्याही ऐकू येत नव्हत्या, त्यामुळे स्टँड सुतकात असल्यासारखं वाटत होतं.

तिचा पहिला नंबर आला. तेवढ्यात पाठीला बॅग लावलेला एक माणूस धावत आला. कंपनीची बस चुकली होती.

"निघोजे! लवकर, शिफ्ट आहे."

चाकणच्या बाजूच्या निघोज्याचं लांबचं भाडं म्हणजे सकाळ सार्थकी लागली. रुपालीनं मीटरला हात लावला. त्या माणसानं आत डोकं घातलं, तिला पाहिलं, आणि डोकं बाहेर काढून थेट मागच्या गाडीत जाऊन बसला. मालोजीरावांच्या.

"चला काका, उशीर होतोय."

सगळी लाइन बघत होती. मालोजीरावांचा हात किल्लीवर होता. किल्ली फिरवली असती तर कोणी त्यांना काही म्हणालं नसतं. रुपालीनं मागे वळूनही पाहिलं नाही. आरशात बघत राहिली. मी पिशवी घट्ट धरली होती.

"उतरा," मालोजीराव म्हणाले.

"का?"

"नंबर तिचा हाय."

"अहो काका, बाई आहे ती. चाकणच्या रस्त्याला ट्रक किती..."

"इथं बाई न्हाई आन् गडी न्हाई. पयला नंबर, दुसरा नंबर. माझा दुसरा हाय. जायचं तर तिच्यात बसा, न्हाईतर चालत जावा."

माणूस तोंडातल्या तोंडात पुटपुटत उतरला आणि रुपालीच्या गाडीत बसला. तिनं मीटर टाकला. गाडी फाट्यावरून वळली आणि ट्रक-टेम्पोंच्या गर्दीत शिरली. मी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत होते.

मालोजीरावांनी पाय टेकून आपली गाडी पहिल्या नंबरावर ढकलली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैनी, वळताना हात दाखवत न्हाई ती. सांगा तिला."

"तुम्हीच सांगा," मी म्हणाले. "तुमच्या लाइनीतली आहे."