येसाजीची हाळी

येसाजीने कोयत्याने मेलेल्या गाईचं पोट उभं चिरलं, चार पावलं मागे सरला आणि तोंडाशी हात नेऊन हाळी दिली.

"होऽऽय! या रे बाबांनो, या!"

वाडीतलं ढोर मेलं की या कातळावर आणायचं, चिरायचं आणि गिधाडांना हाक घालायची, ही आज्यापासूनची रीत. मधल्या काळात गिधाडंच दिसेनाशी झाली. वाडीने नाद सोडला. येसाजी कसला सोडतोय! पार कापडे गावापासून मेलेली ढोरं मागून आणायचा, कुत्री हाकलायचा, रिकाम्या आभाळाकडे बघून हाळ्या घालायचा. लोक त्याला 'गिधाडांचा मामा' म्हणून चिडवायचे. आणि एके वर्षी समोरच्या कड्यावर खरंच एक जोडी उतरली की! यंदा तर कपारीत पिल्लू होतं.

आजची गाय घरचीच, कपिली. दोन दिवस तडफडून सकाळी गेली. येसाजीचे डोळे अजून लाल होते. निदान पाखरांच्या पोटी लागेल, एवढाच त्याच्या जिवाला दिलासा.

"अवो, थांबा! चिरू नका!" त्याची बायको ठकूबाई धापा टाकत चढ चढून आली.

"चिरली की. का गो?"

ती मटकन खाली बसली. "काल पुतण्याला महाडला धाडून सुई मागवली. दुखणं थांबवायची, माणसांची. मीच टोचायला लावली."

येसाजीच्या हातातला कोयता गळाला. ती सुई टोचलेलं ढोर खाल्लं की गिधाड मान टाकून मरतं, हे वाडीवाडीत त्यानेच सांगत फिरायचं, आणि त्याच्याच गोठ्यात हे!

"तुला ठावं नव्हतं?"

"व्हतं. पण ती हंबरत व्हती वो. बघवंना. तुमाला इचारलं असतं, तर तुमी घरात कुठं व्हता?"

काल दिवसभर येसाजी कड्याखाली बसून पिल्लू बघत होता.

गाईला पुरावं तर खाली नुसता कातळ. ओढून न्यावं तर वर आणणारे गडी केव्हाच उतरून गेलेले. त्यांना बोलवायला ठकूबाई उठली, तोच कातळावरून सावली सरकली.

"हाट! हाट!" येसाजीने डोक्याचं मुंडासं सोडून गरगरा फिरवलं. ठकूबाईनेही पदर झटकला. पण पाखरं बिचकतात कशाला? एवढी वर्षं याच आवाजाने त्यांना जेवायला बोलावलं होतं. मोठी मादी सरळ खाली उतरली, त्याच्यापासून हातभर अंतरावर. त्याच्याकडे बघितलंही नाही, तशीच गाईकडे निघाली.

येसाजीला हुंदका आवरेना. त्याने दगड उचलला आणि नेम धरून मारला.

मादी कलंडली. एक पंख घासटत कशीबशी उडाली आणि कड्याकडे गेली. जोडीदार मात्र अजून वर घिरट्या घालत होता.

"लय लागलं का वो तिला?" ठकूबाई रडत म्हणाली.

"लागू दे," येसाजी म्हणाला आणि दुसरा दगड शोधायला वाकला.