कुदळ दलाचं तिसरं कलम

हेमचंद्र स्टुलावर उभे राहून चौदा नंबरच्या कुदळीच्या दांड्याला गोडं तेल चोळत होते, तेवढ्यात दारात पाच पोरं येऊन उभी राहिली. तीन मुलगे, दोन मुली. पायांवर पोटरीपर्यंत लाल धूळ, पण चपला कोणी न सांगताच बाहेर काढलेल्या. हेमचंद्रांना ती पोरं तिथेच आवडली.

"या, आत या. तिकीट नाही इथे. फक्त कशाला हात लावायचा नाही."

बदलापूर गावातलं हे तीन खणांचं कौलारू घर म्हणजे कुदळ दलाचे संस्थापक बाळाजीदादा यांचं स्मारक. छत्तीस साली दादांनी आसपासच्या गावांतले तरुण जमवले आणि दल काढलं. भाषणं कमी, खणणं जास्त. दलाच्या पोरांनी विहिरी खोदल्या, बांध घातले, गाडीवाटा केल्या. दादा गेल्यावर जुन्या सदस्यांनी मंडळ स्थापून घर जपलं, आणि गेली अकरा वर्षं ते दाखवण्याचं काम हेमचंद्रांकडे होतं. पगार नव्हता, कोणी देऊ केला असता तर त्यांनी भांडण काढलं असतं. साठाव्या वर्षी रोज सकाळी इस्त्रीचा झब्बा घालून निघायला एक ठिकाण होतं, आणि तिथे त्यांच्याइतकं कोणाला काही माहीत नव्हतं.

स्टुलावरून उतरून त्यांनी हात पुसले आणि घसा साफ केला. पोरं शहाण्यासारखी मागून फिरू लागली. दादांची खाट झाली, कंदील झाला, जर्मनचा डबा झाला. मधल्या खोलीत भिंतीवर दलाची नियमावली चौकटीत लावलेली होती. तिच्यासमोर आले की हेमचंद्र थांबत, आणि त्यांचा आवाज आपोआप खाली येई. अकरा वर्षांत एकदाही तो खाली यायचा चुकला नव्हता.

"तिसरं कलम वाचा. दलात पद घ्यायचं ते तिशीच्या आत. तिशी उलटली की पद सोडायचं आणि सभेतूनही उठायचं. हे कलम दादांनी लिहिलं आणि पहिलं स्वतःला लावलं. बेचाळीस साली तीस पुरी झाली, त्याच दिवशी त्यांनी दप्तर एका एकवीस वर्षांच्या पोराच्या हातात दिलं, आणि दुसऱ्या दिवशी अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात कामाला लागले. मागे वळून पाहिलं नाही. असा माणूस!"

त्यांचे डोळे भरून आले. ते रोजच येत, पण खोटे कधीच येत नसत.

घट्ट वेणीची एक मुलगी नियमावलीच्या अगदी जवळ जाऊन ओठ हलवत वाचत होती. वाचून झाल्यावर ती वळली.

"सर, मी जिवली. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला आमची वाडी हाय. मी बारावीला हाय, हा चांगो माझा चुलतभाव. आमी बघायला नाय आलो. कुदळी मागायला आलो."

"काय मागायला?"

"कुदळी." तिने भिंतीकडे बोट केलं. तिथे ओळीने बावीस कुदळी टांगलेल्या होत्या, प्रत्येकीखाली पितळी नंबर. "वाडीपासून डांबरी सडकेपर्यंत रस्ता काढायचाय. दीड मैल. पाऊस लागायच्या आत."

"अगं, रस्ता सरकारचं काम..."

"अर्ज केलेत. तीन." जिवलीचा आवाज चढला नाही. "गेल्या श्रावणात माझी वयनी अडली. झोळीत घालून सडकेवर आणली. दवाखान्याची गाडी सडकेवरच उभी होती सर, वर येऊ शकली नाय. आमी पोचलो तवा पोरगं पन गेलं होतं, ती पन."

बाकीची पोरं जमिनीकडे बघत राहिली. त्या साऱ्यांनी त्या झोळीला खांदा दिला होता, हे हेमचंद्रांना न विचारताच कळलं. आपण आता काहीतरी बोललं पाहिजे असं त्यांना वाटलं, आणि तोंडी जे नेहमीचं येतं तेच आलं.

"पण त्या वस्तू आता ऐतिहासिक आहेत, बाळ."

"अंकल, लोखंड तो एकदम मस्त हाय," चांगो म्हणाला. तो उल्हासनगरला जीन्स पँटच्या कारखान्यात काम करायचा, त्याची भाषा तशीच झाली होती. "अपने पास पाचच हाय. त्याच्यातल्या दोन मोडक्या."

"असं देता येत नाही. कुदळ दलाची कुदळ फक्त दलाच्या सदस्याला मिळते. सातवं कलम."

"मग आमाला सदस्य करा," जिवली म्हणाली.

हेमचंद्र हसले. पोरगी हुशार होती. "त्याला पदाधिकाऱ्याची मान्यता लागते. मंडळासमोर ठेवतो. दिवाळीनंतर बैठक असते."

"पदाधिकारी कोण हायत?"

"अध्यक्ष दौलतराव. मी म्हणालो ना, दादांनी एकवीस वर्षांच्या पोराला दप्तर दिलं? तेच."

"म्हंजे बेचाळीस सालापासनं?"

"बेचाळीस सालापासून. यंदा पन्नास वर्षं झाली." हे सांगताना हेमचंद्रांची मान नेहमी ताठ होई.

जिवलीने बोटांवर काहीतरी मोजलं. मग पुन्हा त्या चौकटीकडे पाहिलं. चांगोला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात दडवलं.

"आणि तुमी, सर?"

"मी सचिव. साठ पुरी होतील भाद्रपदात." हेमचंद्र जरा घाईने पुढे बोलले. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. पाहुण्यांपैकी एखादा आगाऊ माणूस विचारायचाच. "त्याचं असं आहे, दादांच्या नंतर एकावन्न साली दौलतरावांची तिशी झाली. पण तेव्हा विहिरीचं काम अर्धं होतं. म्हटलं, एक वर्ष थांबू. मग एकामागोमाग एक कामं निघत गेली. आणि पुढे कोणी तरुण आलंच नाही, बाळ. कोणाच्या हातात द्यायचं? म्हणून आम्हीच धरून बसलो."

हे उत्तर ऐकून पाहुणे दरवेळी मान हलवत आणि आजकालच्या पिढीबद्दल चार शब्द बोलत.

जिवलीने मान हलवली नाही.

"आमी आलो ना, सर," ती म्हणाली.

हेमचंद्रांना आधी राग आला. ही कालची पोर, हिने दादांच्या घरात उभं राहून हिशेब मागावा! राग त्यांनी चांगला पोटभर करून घेतला, आणि तो ओसरला तेव्हा त्याच्याखाली लाज होती. तेलकट हात त्यांनी इस्त्रीच्या झब्ब्याला पुसले, तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मग ते काचेच्या कपाटाकडे गेले, कुलूप काढलं आणि सदस्यांची वही बाहेर घेतली. ही वही ते लोकांना शेवटी दाखवत. शेवटचं नाव त्यांचंच होतं. नंबर चारशे अकरा, वय सतरा, साल एकोणपन्नास. 'दलाचा शेवटचा सदस्य तुमच्यासमोर उभा आहे,' असं ते म्हणत आणि लोक टाळ्या वाजवत. आज त्यांनी वही टेबलावर उघडली, आणि आपल्या नावाखालचं उरलेलं अर्धं कोरं पान त्यांना दिसलं. त्रेचाळीस वर्षं ते तिथेच होतं. आपण टाळ्या कशाच्या घेत होतो, हे त्यांना कळलं.

"लिही," ते म्हणाले.

"मान्यता?" जिवलीने विचारलं. आता तिच्याच आवाजात धाकधूक होती.

"दादांचं नाव कोणाच्या मान्यतेने लिहिलं होतं? पहिल्याने स्वतःच लिहायचं असतं. पुढच्यांना तू मान्यता दे."

"आणि दौलतराव?"

"ते घर डोक्यावर घेतील. तो माझा प्रश्न. तू लिही."

जिवलीने मोठ्या, गोल अक्षरात चारशे बारा लिहिलं, नाव लिहिलं, वय अठरा लिहिलं. मग चांगोने. चारशे सोळापर्यंत नावं गेली. तोवर हेमचंद्र स्वतः स्टुलावर चढून कुदळी उतरवू लागले होते. प्रत्येक कुदळ हातात देताना ते नंबर मोठ्याने सांगत. सतरा नंबरची खाली देताना म्हणाले, "हिचा दांडा जरा डावीकडे ओढतो, सांभाळून." ती त्यांनी स्वतः सतराव्या वर्षी वापरली होती. एवढं बोलताना त्यांना विलक्षण बरं वाटलं.

बाविसाव्या कुदळीनंतर भिंतीवर नुसते खिळे आणि फिकट खुणा राहिल्या. हेमचंद्र खुर्ची ओढून टेबलाशी बसले.

"हं, आता कामाची आखणी. वाडीकडून सुरुवात करू नका. सडकेकडून करा, म्हणजे..."

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. चांगोने जिवलीला कोपराने ढोसलं. ती खाली बघत जागच्या जागी चुळबुळली, आणि मग तिने मान वर केली.

"सर, आमाला आता सभा घ्यायची हाय."

"घ्या की. मी आहेच."

"नाय, म्हंजे..." तिने चौकटीकडे बोट केलं नाही, नुसतं हेमचंद्रांकडे पाहिलं. "दलाची सभा हाय, सर."

हेमचंद्रांनी एकदा तिसऱ्या कलमाकडे पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवून उठले, झब्बा खाली ओढला आणि बाहेर आले. दार आतून हलकेच लोटलं गेलं. मार्चचं ऊन अंगणात पसरलं होतं. ते पायरीवर टेकले. आतून आधी कुजबुज ऐकू आली, मग जिवलीचा आवाज, मग सगळ्यांचा एकदम. कोण कुठल्या दिवशी सुट्टी काढणार यावर भांडण चाललं होतं. पोरं सडकेकडूनच सुरुवात करायचं म्हणत होती, पण कारण चुकीचं देत होती. हेमचंद्रांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

रिक्षातून एक बाई उतरल्या. अंबरनाथच्या शाळेतल्या, शनिवारी सहावीच्या वर्गाला आणायचं विचारायला आलेल्या.

"नमस्कार काका. हे स्मारक तुम्हीच बघता ना?"

हेमचंद्र पायरीवरून उठले आणि त्यांना वाट करून देत बाजूला झाले.

"आत विचारा," ते म्हणाले.