तीन तारा, तीन भाऊ

मी एक जुना पियानो आहे. मित्रांनो, हसू नका! मला पाय नाहीत, तारा नाहीत, लाकूड तर नावालाही नाही. मी संगणकात राहतो. माझ्यात कुणाचं वादन भरून ठेवलेलं नाही. तार किती लांब, हातोडी किती कठीण, फळी कशी थरथरते, हे गणित मांडून मी प्रत्येक स्वर त्याच क्षणी घडवतो.

मला घडवलं एका लेकीने. तिचे वडील चाळीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावत. नवं घर चौथ्या मजल्यावर, जिना अरुंद. त्यांचा स्वतःचा पियानो काही वर चढला नाही, तो विकावा लागला. त्या दिवशी त्यांनी हात खिशात घातले, ते बाहेर काढलेच नाहीत. लेकीने मात्र आधीच त्या पियानोची तार न् तार मोजून ठेवली होती. त्यातून मी झालो. एक हलका कीबोर्ड जोडून तिने मला त्यांच्यापुढे मांडलं.

"बाबा, एकदा वाजवून तर बघा."

"बघतो. पण यात जीव नसेल, तर पुन्हा आग्रह करायचा नाही. कबूल?"

"कबूल."

त्यांनी एक पट्टी दाबली आणि तोंड वाकडं केलं. "हा पियानो? ही तर दाराची बेल!"

लेकीचा चेहरा उतरला. बाबा उठले, दारापर्यंत गेले आणि थबकले.

"एका स्वराच्या तीन तारा असतात. तू कशा लावल्यास?"

"अगदी एकसारख्या. तसूभरही फरक नाही!"

"तिथेच घोळ केलास, पोरी. सख्खे भाऊ झाले म्हणून काय तिघे एकाच आवाजात बोलतात? एकाला केसभर खाली घे. अजून. बास! आता दुसरा."

तीन आठवडे ते ऐकत होते आणि ती आकडे बदलत होती. माझा स्वर लांबू लागला, हेलावू लागला. शेजारी विचारायला आले, "पियानो वर चढवलात कसा?"

"खिशातून," बाबा म्हणाले.

पुढे नवा संगणक आला. लेकीने मला तिकडे नेलं, पण बाबांनी लावलेले आकडे जुन्यातच राहिले. जुना गेला भंगाराच्या पिशवीत. सकाळी बाबांनी एक पट्टी दाबली आणि हात मागे घेतला.

"माझे भाऊ कुठे गेले गं?"

ती चार मजले धावत उतरली. पिशवी अजून फाटकापाशीच होती.

मित्रांनो, मला वाळवी लागत नाही, गंज चढत नाही. तुमच्या नातवंडांसाठीही मी असाच वाजेन. फक्त जुनं यंत्र टाकताना, त्यात कुणाच्या कानांची मेहनत राहिली आहे का, तेवढं आधी बघा. आमचे तिघे सुखरूप वर आले. बाबांचे हात आता खिशात नसतात.