रडणं थांबल्यावर आलेला फोन

फोन आला तो रडणं थांबलं म्हणून. लाई शिऊमानला आधी वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. पण पलीकडची म्हातारी पुन्हा तेच म्हणाली, "चार दिवस पोर रडत होती हो शेजारी. होंगची पेइरोंग. सात वर्षांची आहे. आज सकाळपासून आवाजच नाही. म्हटलं, सांगावं कुणाला तरी."

"आणि चार दिवस काय करत होतात, आजी?"

"अहो, सणाच्या तोंडावर कुणाच्या दारात पोलीस कसे आणायचे?"

शिऊमानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांद्र नव्या वर्षाचा पहिला दिवस, भर दुपार. अख्ख्या चांगहुआ शहरात कचेऱ्यांना कुलपं, दुकानांची शटरं खाली. उघडं होतं ते संकटातल्या मुलांसाठीचं हे केंद्र, आणि त्यात तिची चोवीस तासांची पाळी चालू होती. पोरांवर उठणारे हात सणाला सुट्टी घेत नाहीत, म्हणून केंद्रालाही सुट्टी नव्हती. तिनं पत्ता लिहून घेतला आणि गु नावाच्या तरुण पोलिसाला बरोबर घेतलं.

गल्ल्यांचे नंबर उलटसुलट होते, म्हणून गुनं वाटेतूनच वॉर्डप्रमुख त्साईंना फोन करून घर दाखवायला बोलावलं होतं. ते नवा लाल स्वेटर घालून गल्लीच्या तोंडाशी उभेच होते.

"काळजी नको बाई," ते हसून म्हणाले, "मी होंगला आधीच कळवलंय. सणाचं एकदम दारात जाऊन उभं राहिलं तर माणसाची अब्रू जाते."

"कधी कळवलंत?"

"झाली असतील वीस मिनिटं."

"त्साईसाहेब, तुमच्या वॉर्डात चोराला सांगून धाड घालतात का हो?"

त्साईंचं हसू मावळलं. पण वीस मिनिटं गेली ती गेलीच.

होंगच्या घरी सगळं चकाचक होतं. देव्हाऱ्यापुढे संत्र्यांची रास, टेबलावर गोडाधोडाचं तबक, कपांतून वाफाळता चहा. होंगची आई तोंडभरून बोलत होती. "बसा, बसा. आमच्याकडे एकही रीत मोडत नाही हं. आज झाडूला हातसुद्धा लावत नाही आम्ही, लक्ष्मी बाहेर झाडली जाते. भांडं फुटलं तरी तोंडातून वाकडा शब्द नाही."

"पेइरोंग कुठे आहे?"

"ती होय? धाकटी सून सकाळीच माहेरी गेली, तिच्याबरोबर धाडली. पोरीला तेवढाच बदल."

शिऊमाननं कप खाली ठेवला. "आज?"

"हो, आजच."

त्साईंचा कप ओठांपाशीच थांबला. लेकीनं माहेरी जायचं ते दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी गेली तर भावाच्या घराची बरकत जाते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. शिऊमानची स्वतःची आईसुद्धा उद्या वाट बघणार होती, आज नाही.

"आजी, ज्या घरात आज झाडू हलत नाही, त्या घरची सून पहिल्या दिवशी माहेरी गेली? आणि तिच्या आईनं तिला दारात उभं केलं?"

म्हातारीनं लेकाकडे बघितलं. होंग उठला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन उभा राहिला, आणि आता कुठे बघायचं ते शिऊमानला कळलं.

"वर माझी शर्यतीची कबुतरं आहेत. दुसरं काही नाही," तो म्हणाला. "वर्षाच्या पहिल्या दिवशी माझ्या घरात अवदसा आणताय तुम्ही!"

गु चुळबुळला. "ताई, साहेबांना विचारू का एकदा? आज सगळे सुट्टीवर..."

"कायदा सुट्टीवर नाही, गु. पोराच्या जिवाला धोका असला तर दार उघडायला कुणाला विचारावं लागत नाही. तुला धीर होत नसेल तर बाजूला हो, मी उघडते."

गुचे कान लाल झाले. त्यानं होंगचा हात कठड्यावरून उचलला आणि त्याला भिंतीकडे सारलं.

गच्चीवर बोचरा वारा होता. खुराड्याला बाहेरून कडी होती. आत, दाण्याच्या पोत्यांमध्ये पोर बसलेली. डावा हात कोपरापासून सुजून काळानिळा पडलेला, ओठ फुटलेले, अंग तापानं फणफणलेलं. केसांत पिसं होती. तिनं वर बघितलं आणि विचारलं, "पाखरू आलं का?"

शिऊमानला काही कळेना. मागून होंगच बोलला, आपलंच नुकसान सांगावं तसा. "हिनं दार उघडं टाकलं. माझं सगळ्यात चांगलं पाखरू गेलं. म्हटलं, ते येईस्तोवर बस इथंच."

त्याला गच्चीवरून खाली ढकलावं असं शिऊमानला खरोखर वाटलं, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही. तिनं अंगातला कोट काढून पोरीला गुंडाळलं.

"दुखतंय ना खूप? मग आज का नाही रडलीस, बाळा?"

"आज रडलं की वर्षभर रडावं लागतं. आजी म्हणते."

गुनं तोंड फिरवलं. मग त्यानं रुग्णवाहिका बोलावली, पोलिसांची आणखी एक गाडी बोलावली, आणि या वेळी कुणालाच काही विचारलं नाही.

शिऊमान पोरीला उचलून खाली आली, तर त्साई जिन्याखाली हात चोळत उभे होते. "बाई, मागच्या दारानं नेता का? चांगल्या दिवशी भरल्या घरातून रडतंपडतं पोर न्यायचं म्हणजे... लोकांकडे पाहुणे आलेत."

"रडत नाहीये ती. नीट बघा."

ती पुढच्या दारानं निघाली, गल्लीच्या मधोमध. दारोदारी माणसं उभी होती, हातात सूर्यफुलाच्या बिया, तोंडं बंद. फोन करणाऱ्या म्हातारीच्या खिडकीचा पडदा हलला, पण दार काही उघडलं नाही. त्साई मागून धापा टाकत येत होते.

"बाई, कागदोपत्री माझं नाव घालू नका. मी चांगल्या मनानं कळवलं होतं."

"तसंच लिहीन. वीस मिनिटं आधी, चांगल्या मनानं."

"आम्हाला याच गल्लीत राहायचंय हो!"

शिऊमाननं पोरीला रुग्णवाहिकेतल्या खाटेवर निजवलं, सुजलेल्या हाताखाली उशी सरकवली आणि मग वळून त्साईंकडे बघितलं.

"हिलाही याच गल्लीत राहायचं होतं," ती म्हणाली, आणि तिनं दार आपटून लावलं.