जेबाची बारावी, अब्बांचा मुक्काम

जेबाला एका जागी बसवत नसे. पाठांतर करायचं तेही गच्चीवर येरझारा घालत. खालून घरमालकीण पार्वतीबाई ओरडायच्या, "अगं पोरी, स्लॅब झिजंल की माझा!" पण बसलं की तिचं डोकं थिजायचं, आणि चालायला लागलं की रसायनशास्त्रातली लांबलचक समीकरणंसुद्धा आपोआप सुटत जायची.

नांदेडच्या इतवाऱ्यात तिच्या अब्बांचं, ताहेर मास्टरांचं, शिवणकामाचं दुकान होतं. दहावीला जेबा शाळेत पहिली आली, तेव्हा तिला लातूरला ठेवायचं की नाही यावर घरात महिनाभर खल चालला. त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी लातूरच. तिथं शिकलेली पोरं डॉक्टर होतात, इंजिनियर होतात म्हणून गावोगावची माणसं ट्रंका आणि वळकट्या घेऊन एसटीतून उतरत होती. काल जिथं पिठाची गिरणी होती तिथं आज ट्यूशनची पाटी लागत होती. शेवटी अम्मी एका अटीवर कबूल झाली. "बारावीपर्यंत. डॉक्टरीला नंबर लागला तर पुढं. न्हाई तर जे रिश्ते येऊन राहिलेत, त्यातला एक बघायचा."

म्हणून १९९३ च्या जूनमध्ये बारावी सुरू झाली तेव्हा जेबानं ठरवलं, हे वर्ष आपलं. त्यातला एक दिवसही वाया घालवायचा नाही. पहाटे साडेपाचला फिजिक्सची ट्यूशन, मग कॉलेज, मग केमिस्ट्री. सर म्हणायचे, "वर्षभर मान खाली घाला, मग जन्मभर ताठ मानेनं चाला." जेबा मान खाली घालायची. पण संध्याकाळचा पाच ते सहा हा तास तिनं कुणाला दिला नव्हता. तिच्या खोलीत बुद्धप्रिया राहायची. मुखेडची, वडील शाळामास्तर. तिच्याकडं सायकल होती. तिनं जेबाला मैदानावर सायकल शिकवली. जेबा दोनदा तोंडावर आपटली, एकदा भेळेच्या गाड्याला जाऊन धडकली, पण ऑगस्ट सरेपर्यंत ती गावाबाहेरच्या रस्त्याला लागून परत यायला शिकली. ओढणी कमरेला घट्ट आवळायची आणि वारं कानात भरून घ्यायचं. तो एक तास मिळाला की बाकीचे तेवीस तिला पेलवायचे.

सप्टेंबर सरता सरता गणपती विसर्जन झालं. मिरवणुका पाहून गाव उशिरा निजलं होतं. पहाटे चार वाजत आले असतील. जेबा ट्यूशनसाठी उठून तोंड धूत होती. आधी आवाज आला, कुणी ट्रकभर दगड एकदम ओतावेत तसा. मग मांडणीवरची भांडी खाली कोसळली आणि पायाखालची फरशी चाळणीत धान्य हलावं तशी हलली. पार्वतीबाईंनी दोघी पोरींना दंडाला धरून अंगणात ओढलं. उजाडल्यावर कळलं, लातूर वाचलं, पण किल्लारीकडची गावंच्या गावं ढिगारा झाली. त्यांच्या बॅचमधली औशाकडची दोन पोरं नंतर वर्गात दिसली नाहीत. त्यांच्याबद्दल कुणी मोठ्यानं विचारलंही नाही.

दुपार कलताना अब्बा आले. एसटीची वाट न बघता एका ट्रकमध्ये बसून आले होते. गळ्यात मापाचा टेप तसाच. जेबा अंगणातल्या लिंबाच्या पारावर पुस्तक उघडून बसली होती. ते तिच्याजवळ आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल."

नांदेडला तीन आठवडे गेले. तेवढ्या दिवसांत जेबानं घराचा उंबरा झिजवला. स्वयंपाकघरातून दारापर्यंत, दारातून परत. भेटायला येणारी प्रत्येक बाई तिच्याकडं बघून सुस्कारा टाकायची आणि अम्मीला म्हणायची, "बस झालं आता शिकणं." मग एक दिवस बुद्धप्रियाचं कार्ड आलं. "क्लास सुरू झालेत. पत्र्याच्या शेडात. सरांनी दोन नवे धडे संपवले. तू कुठं हायस?"

जेबानं कार्ड अम्मीच्या पुढ्यात ठेवलं. "मी उद्या जाते."

"नक्को," अम्मी म्हणाली. "अजून रोज हलून राहिली तिथली जमीन. तुला छताखाली झोपवून मी इथं कशी झोपू?"

"मग माझं वर्ष?"

"वर्ष येतं परत. पोरगी येती का?"

जेबा उठून दारापर्यंत गेली आणि परत आली. अब्बा कोपऱ्यात काज करत बसले होते. त्यांनी दातानं दोरा तोडला आणि शांतपणे म्हणाले, "मी जातो हिच्या संगं. परीक्षेपर्यंत."

दोन दिवसांनी अब्बांची मशीन एसटीच्या टपावर चढली. दुकान शेजारच्या मोहसीनचाचांवर सोपवलं. पार्वतीबाईंच्या अंगणातल्या लिंबाखाली बांबू आणि पत्र्याचा आडोसा उभा राहिला. त्यात मशीन, एक बाज आणि चुलीसाठी तीन विटा. जेबाला त्या दिवशी फार आनंद झाला. आपल्यासाठी आपला बाप घरदार सोडून आला याचा अभिमान तिनं बुद्धप्रियाजवळ बोलूनही दाखवला.

तो आनंद आठवडाभर टिकला.

अब्बा महिन्याभरात अख्ख्या गल्लीचे मास्टर झाले. ट्यूशनची पोरं पँटी आवळून घ्यायला यायची आणि गप्पा मारत बसायची. देशभरातून भूकंपग्रस्तांसाठी ट्रक भरभरून कपडे येऊन पडले होते. सुटाचे कोट, झिरझिरीत साड्या, बर्फातले स्वेटर. ज्याच्या अंगाला जे येत नाही ते घेऊन लोक यायचे. अब्बा कोटाची बंडी करून द्यायचे, दोन साड्यांची एक गोधडी. पण हात चालू असला तरी नजर जिन्यावर. जेबा खाली उतरली की मशीन थांबायची.

"कुठं निघालीस?"

"ट्यूशनला."

"कवा येशील?"

"आठला."

आठला पाच कमी असताना ते फाटकाशी उभे. जमीन जरा गुरगुरली की अंगणातून हाक यायची, "जेबा! भायेर!" आणि ती हातातलं पुस्तक टाकून धावायची. परत आल्यावर कुठं होतो ते सापडायचं नाही. गच्चीवर येरझारा घालणं बंद झालं, कारण अब्बांना गच्ची धोक्याची वाटायची. संध्याकाळी पाच वाजता ते तिच्यासाठी दुधाचा पेला घेऊन यायचे. त्या पेल्यापुढं सायकलीचं नावही तिला काढता आलं नाही. अब्बांनी कधीच कशाला नाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

डिसेंबरात सरजाबाई येऊ लागल्या. किल्लारीकडच्या पत्र्याच्या वसाहतींमध्ये काम करणाऱ्या एका संस्थेच्या त्या कार्यकर्त्या. चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या. कपड्यांची गाठोडी घेऊन यायच्या आणि दर वेळी जाताना एकच विषय काढायच्या. "मास्टर, पंधरा मशिनी धूळ खात पडल्यात तिथं. बायका नुसत्या बसून राहिल्यात. बसलं की रडू येतं त्यास्नी. तुम्ही शिकवायला चला."

"माझी पोरगी बारावीला हाय, बाई," अब्बा म्हणायचे. "मला हलता येत न्हाई."

जेबा वरच्या खिडकीतून हे ऐकायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ना त्यांना हलता येतं, ना मला.

जानेवारीत सराव परीक्षेचे पेपर मिळाले. फिजिक्सला शंभरपैकी एकोणपन्नास. सरांनी पेपर हातात देताना नुसतं तिच्याकडं पाहिलं. जेबानं तो दप्तरात कोंबला आणि बाहेर येऊन बुद्धप्रियाला म्हणाली, "तुझी सायकल दे."

"केमिस्ट्री हाय ना आता?"

"दे तू."

ती औशाच्या रस्त्याला लागली. उसाच्या बैलगाड्या मागं टाकल्या, एक ट्रॅक्टर मागं टाकला. कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतं. पाय थांबू देत नव्हते, एवढंच. एका टपरीशी ती थांबली तेव्हा सूर्य बाभळींच्या टोकाला आला होता. तिनं पाणी प्यायलं आणि सायकल उलटी फिरवली.

गावात शिरेपर्यंत सांजेची, मगरीबची अजान होऊन गेली होती. चौकात अब्बा उभे होते. येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षावाल्याला हात करून काहीतरी विचारत होते. त्यांनी आधी सायकल पाहिली, मग तिच्यावरची पोरगी. जेबा उतरली. दोघं चालू लागली, मधे सायकल.

मग अब्बा म्हणाले, "सायकल येती तुला?"

"हाव."

"कवापासून?"

"ऑगस्टपासून."

"मला न्हाई सांगितलंस."

"तुम्ही कुठं विचारलं? तुम्ही फक्त कुठं निघालीस, एवढंच विचारता." एकदा तोंड उघडल्यावर जेबाला थांबवेना. "अब्बा, मी वाचायला बसले की मला तुमची मशीन ऐकू येते. ती थांबली की वाटतं तुम्ही वर बघून राहिलात. एकोणपन्नास मार्क पडलेत मला. तुम्ही नांदेडला जा. तुमच्या बसण्यानं काय जमीन थांबणार हाय का?"

अब्बा थांबले. एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकले. चिडले असतील असं तिला वाटलं, पण त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"मला काय तेवढं कळत न्हाई? त्या दिवशी ट्रकमध्ये ड्रायव्हर सांगत होता, लातूर सगळं गेलं म्हणून. अख्खा रस्ता मी मनात तुझ्या कफनाचं कापड बेतत होतो. किती लागंल, पन्हा केवढा, पुरंल का न्हाई. शिवणाऱ्याचं डोकं, बेटा. दुसरं काही सुचतच नव्हतं. आणि आलो तर तू पारावर पुस्तक घेऊन बसलेली." त्यांनी तळहातानं तोंड पुसलं. "तवापासून तू नजरेआड झालीस की ते माप आठवतं. म्हणून बसतो."

जेबाच्या हातातली सायकल कलंडली. तिनं ती सावरली, भिंतीला टेकवली आणि त्यांच्याजवळ पायरीवर बसली. येरझारा घालणारी ती पोरगी बराच वेळ तशीच बसून राहिली. अब्बांनी हे कुणालाच सांगितलं नसणार, अम्मीलाही नाही.

"अब्बा," ती शेवटी म्हणाली, "सरजाबाई एवढ्यांदा बोलवून गेल्या. तिथल्या बायकांची मापं घ्या. इथं दिवसभर माझंच माप काढत बसलात तर डोक्यातलं ते कसं जाणार?"

"आणि तू?"

"मी हाय की इथं. जमीन हलली तर भायेर येईन. पार्वतीबाई काय मला सोडत्यात का?"

अब्बांनी उठून सायकल हातात घेतली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मशीन नेहमीसारखीच चालली. चौथ्या दिवशी सरजाबाईंची जीप आली तेव्हा त्यांनी स्वतः उठून मशीन आत चढवली. "ऐतवारी येत जाईन," म्हणाले आणि ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरले असते.

जेबाला वाटलं होतं, आता अभ्यास पळत सुटेल. तसं झालं नाही. पहिले चार-पाच दिवस ती खिडकीतून रिकाम्या आडोशाकडंच बघत राहिली. पाच वाजले की दुधाची आठवण यायची आणि स्वतःचाच राग यायचा. मग एका दुपारी जमीन हलली. कुणी हाक मारली नाही. जेबा आपणहून खाली आली, पार्वतीबाईंचा हात धरून अंगणात उभी राहिली, सगळं शांत झालं तशी वर गेली. वहीत सोडलेल्या ओळीवर तिनं जाताना पेन्सिल ठेवली होती. तिथूनच तिनं पुढं लिहायला घेतलं. त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. गच्चीही परत मिळाली आणि पाच ते सहाचा तासही. रविवारी अब्बा यायचे. आता ते वेगळंच बोलायचे. कुठल्या बाईला बाही बसवता आली, कोण मशीनवर बसल्यावर पहिल्यांदा हसलं. "एकीचं घरातलं कुणी उरलं न्हाई," एकदा म्हणाले, "पण झंपराचा गळा असा बेतती, की मला लाज वाटावी." मग एकदम आठवून विचारायचे, "तुझं काय चाललंय?" जेबा सांगायची आणि ते शेवटपर्यंत ऐकायचे.

मार्चात परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल लागला. बुद्धप्रियाला मेडिकल मिळणार हे नक्की झालं. जेबाचे सहा मार्क कमी पडत होते. औरंगाबादला फार्मसीला मात्र सहज प्रवेश मिळत होता. ती त्याच दिवशी जीपनं वसाहतीत गेली. पत्र्याच्या शेडमध्ये पंधरा मशिनींचा खडखडाट चालला होता आणि अब्बा एका म्हातारीला पायडल मारायला शिकवत होते.

"डॉक्टरीचं हुकलं," ती म्हणाली. "सहा मार्कांनी. औरंगाबादला फार्मसी मिळतीय. मला जायचंय."

अब्बांनी तिच्या तोंडाकडं नीट बघून घेतलं. एकोणपन्नास मार्कांच्या दिवशीचं तोंड आणि हे तोंड यात फरक होता. तो त्यांना दिसला असावा. "अम्मीची अट?"

"ती मी मोडून राहिले. मीच सांगते तिला. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा."

शेडसमोर, नाक्यावरच्या एसटीडी बूथवर रांग होती. नांदेडला शेजारच्यांकडं फोन लावून अम्मीला बोलवायला सांगितलं. जेबानं एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडून रडणं ऐकू आलं, मग बोलणं. शेवटी अम्मी म्हणाली, "अब्बांना दे."

रिसीव्हरमधला आवाज जेबापर्यंतही पोचत होता. "तुम्ही हो म्हटलंत का?"

"हाव. यंदा रिश्त्याचं राहू दे, बानो."

"आणि एवढ्या लांब तिच्या संगं कोण राहणार? तुम्ही?"

अब्बांनी काचेतून बाहेर पाहिलं. शेडच्या दाराशी ती म्हातारी उभी राहून त्यांना हातानं बोलावत होती, बहुधा दोरा तुटला होता.

"न्हाई," ते म्हणाले. "मला इथं काम हाय. ती राहील तिची."